एका पिकअपला दोन ट्रेलर जोडले की शेवटच्याचं काय होतं?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आणि मधल्या राज्यांत उन्हाळ्यात महामार्गावर एक लांबलचक वरात हमखास दिसते. पुढे मोठा पिकअप ट्रक, त्याच्या हौद्यात अडकवलेला राहण्याचा ट्रेलर आणि त्या ट्रेलरच्याही मागे बोटीचा ट्रेलर. तळ्याकाठी महिनाभर मुक्काम करायचा तर घरही हवं आणि बोटही हवी, आणि दोन्ही एकाच फेरीत नेता आलं तर उत्तमच, असा साधा हिशेब त्यामागे असतो. बोटीच्या जागी कधी मोटारसायकली असतात, कधी बर्फावर चालवायच्या गाड्या, कधी घोड्यांचं सामान.

हे पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ताकदीचा. एवढं ओझं एका पिकअपला ओढतं का? ओढतं. फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० किंवा शेवरोले सिल्व्हराडो ३५०० या वर्गातले डिझेल पिकअप त्यांच्या अनेक रूपांत ९ टनांपेक्षा जास्त ओझं ओढण्यासाठीच बनवलेले असतात. घराचा ट्रेलर साडेपाच टनांचा आणि बोट दोन टनांची धरली, तरी इंजिनाला त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणूनच ताकदीचा प्रश्न फसवा आहे. तो सुटला की माणसाला वाटतं सगळंच सुटलं. खरा प्रश्न शेवटच्या ट्रेलरचा असतो. पुढे चालकाने स्टिअरिंग जरासं हलवलं, ब्रेकवर पाय ठेवला किंवा वाऱ्याचा झोत आला, तर सगळ्यात मागचं वाहन काय करेल? आणि ते जे काही करेल, ते चालकाला कळेल का?

कंपनीच्या पत्रकात छापलेला ओढक्षमतेचा आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो आकडा ‘जे-२८०७’ (J2807) नावाच्या मानकानुसार काढलेला असतो. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ते तयार केलं आणि २००८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर आधारलेली आहे. जवळपास १८ किलोमीटरचा सलग चढ, रणरणतं ऊन, एसी पूर्ण चालू, आणि तरीही साध्या मागच्या चाकांच्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या, म्हणजे साधारण ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाकं असतील तर ही मर्यादा ३५ मैल. कडक परीक्षा आहे. त्या मानकात ट्रेलर डोलतो का हेही तपासलं जातं. पण ही सगळी परीक्षा मागे एक ट्रेलर जोडून घेतलेली असते. दोन ट्रेलर जोडले तर गाडी कशी वागेल, याबद्दल तो आकडा अवाक्षरही बोलत नाही.

पहिला ट्रेलर कसा जोडायचा

ट्रेलर जोडायच्या मुख्य पद्धती दोन. एक म्हणजे मागच्या बंपरखालच्या गोळ्यावर, ज्याला बॉल हिच म्हणतात. दुसरी पिकअपच्या हौद्यात, जिथे ट्रेलरच्या तोंडाखालचा जाड खुंटा, म्हणजे किंगपिन, एका जाड लोखंडी तव्यात अडकतो. हिला फिफ्थ व्हील म्हणतात. हौद्यातच गोळा बसवून वरून मान अडकवायची गूजनेक नावाची तिसरी रीतही आहे, पण कामाच्या दृष्टीने ती फिफ्थ व्हीलचीच बहीण.

दोन्हींत फरक आहे तो जागेचा. बंपरखालचा गोळा ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या सव्वा ते दीड मीटर मागे असतो. ट्रेलर बाजूला ढकलला गेला की त्या सव्वा-दीड मीटरची तरफ होते आणि ट्रेलर ट्रकचं बूड हलवतो. बूड हललं की नाक उलट्या दिशेला वळतं, चालक ते सावरायला स्टिअरिंग फिरवतो आणि त्या फिरवण्यानेच ट्रेलर आणखी हलतो. किंगपिनची जागा ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. तिथे बाजूचा धक्का बसला तरी तो सरळ टायरांमध्ये उतरतो, ट्रकला फिरवायला त्याला तरफच मिळत नाही.

म्हणून जिथे कायद्याने दोन ट्रेलर चालतात, तिथल्या अनेक राज्यांत पहिला ट्रेलर फिफ्थ व्हील पद्धतीचाच असावा असा नियम आहे. गोळ्याला ट्रेलर आणि त्याच्या मागे पुन्हा गोळ्याला ट्रेलर अशी जोडणी काही ठिकाणी कायद्यात बसतही असेल. माझ्या मते ती करू नये. पहिलाच सांधा डगमगता असेल तर दुसऱ्याकडून कसली अपेक्षा करायची?

जड ट्रेलर पुढे आणि हलका मागे, हा क्रमही असाच. मागचा जड असला तर पुढच्याला तो हवं तिकडे नेतो.

हेलकावा मागे जाताना वाढतो

आता मुख्य गोष्ट. लहान मुलं एकमेकांचे हात धरून रांगेत पळत असतात, पुढचा अचानक वळतो, मधली कशीबशी वळतात आणि शेवटचं पोर भिरकावलं जातं. पुढच्याने घेतलेलं वळण तेवढंच होतं, मागे जाताना ते वाढत गेलं. वाहनांच्या साखळीत नेमकं हेच घडतं आणि अभियंते ते मोजतातही. पुढच्या वाहनाला बाजूने जेवढा झटका बसला, त्याच्या किती पट शेवटच्या वाहनाला बसला, हा तो आकडा. एकाच ट्रेलरच्या मोठ्या मालट्रकमध्ये तो साधारण १ असतो, म्हणजे झटका वाढत नाही. अठ्ठावीस-अठ्ठावीस फुटांचे दोन ट्रेलर ओढणाऱ्या मालट्रकांवर मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात बरंच काम केलं. अचानक लेन बदलण्याच्या प्रसंगात हा आकडा तिथे जवळपास २ पर्यंत जातो. चालकाला जो झटका सहज सोसण्यासारखा वाटला, त्याच्या दुप्पट झटका मागच्या ट्रेलरने खाल्लेला असतो. म्हणूनच अशा जोड्यांमध्ये बऱ्याचदा पुढचं सगळं चाकांवर उभं राहतं आणि फक्त शेवटचा ट्रेलर आडवा होतो.

हे का होतं, ते पिकअपच्याच उदाहरणाने हळूहळू पाहू. ताशी ९५ किलोमीटरचा वेग आहे. रस्त्यावर हरीण आलं. चालकाने पटकन डावीकडे घेतलं आणि लगेच उजवीकडे सावरलं. सगळा खेळ दोन सेकंदांचा. ट्रक डावीकडे गेला, किंगपिन डावीकडे ओढला गेला, घराच्या ट्रेलरचं तोंड डावीकडे गेलं. पण ट्रेलर फिरतो तो स्वतःच्या चाकांभोवती. चाकांच्या पुढचा भाग डावीकडे गेला की चाकांच्या मागचा भाग, म्हणजे शेपूट, क्षणभर उजवीकडे जातं. बोट त्या शेपटाला अडकवलेली आहे. म्हणजे चालक डावीकडे जात असताना बोटीच्या ट्रेलरला पहिला धक्का उजवीकडे बसतो. मग घराचा ट्रेलर पूर्ण डावीकडे सरकतो आणि बोट जोरात डावीकडे ओढली जाते. तोवर ट्रक उजवीकडे परतायला लागलेला असतो. प्रत्येक सांध्यापाशी थोडा उशीर होतो आणि प्रत्येक सांध्यापाशी हेलकावा थोडा वाढतो. ही वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. समजा एका सांध्यापाशी तो १.३ पट झाला आणि पुढच्या सांध्यापाशी पुन्हा १.३ पट, तर शेवटी तो १.७ पटींच्या जवळ जातो.

यावरून काही गोष्टी आपोआप निघतात. घराच्या ट्रेलरचं शेपूट चाकांच्या जितकं मागे लोंबतं, तितका बोटीला बसणारा उलटा धक्का मोठा. मागचा ट्रेलर आखूड असेल तर तो जास्त चपळ, आणि इथे चपळ असणं वाईटच. बोटीच्या ट्रेलरवर वजन मागे सरकलेलं असेल, म्हणजे मागे लावलेलं जड इंजिन, भरलेली टाकी आणि पुढे काहीच नाही, तर तो कुणी न ढकलताही डोलायला तयार असतो. वेग वाढला की डोलणं शमायला लागणारा वेळ वाढत जातो, आणि एका वेगानंतर ते शमतच नाही, वाढतच जातं.

आणि एक दिलासाही आहे. हेलकाव्याची ही वाढ चालकाच्या घाईवर अवलंबून असते. तीच लेन दोन सेकंदांऐवजी सात-आठ सेकंदांत बदलली, तर वाढ जवळजवळ होतच नाही. प्रत्येक सांध्याला पुढच्याच्या मागे निवांत यायला वेळ मिळतो. दोन ट्रेलर ओढणाऱ्या चांगल्या चालकाची स्टिअरिंगवरची पकड बघा, तो लेन बदलतोय हे शेजारी बसलेल्याला कळतही नाही. पुढे मोकळं अंतर भरपूर ठेवायचं ते ब्रेकसाठी तर खरंच, पण त्याहून जास्त यासाठी, की अचानक वळवायची वेळच येऊ नये.

बोट ट्रकचं वजन कमी करते

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आता. ट्रेलरचं काही वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि काही पुढच्या वाहनावर टेकलेलं असतं. गोळ्याच्या जोडणीत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के आणि फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५ टक्के वजन पुढे टेकलेलं असावं, असा नेम आहे. हे टेकलेलं वजन ट्रेलरला सरळ ठेवतं. ते कमी झालं की ट्रेलर डोलायला लागतो.

आता बोटीचा ट्रेलर जोडा. समजा त्याच्या तोंडाचं, म्हणजे पुढे टेकलेलं, वजन १८० किलो आहे. हे १८० किलो घराच्या ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकावर, चाकांच्या ३ मीटर मागे पडले. किंगपिन चाकांच्या ६ मीटर पुढे आहे. चाकं मध्ये टेकू म्हणून उभी आहेत. मागे १८० किलो दाबले की पुढे त्याच्या निम्मे, म्हणजे ९० किलो उचलले जातात. ट्रकवरचा भार ९० किलोंनी कमी झाला. हे ऐकून ट्रकवाल्याला बरं वाटेल. पण ते ९० आणि बोटीचे १८० असे मिळून २७० किलो आता घराच्या ट्रेलरच्या चाकांवर गेले. अशा ट्रेलरांचे ॲक्सल आणि टायर आधीच मर्यादेच्या जवळ चालत असतात. घरात पाण्याची टाकी भरलेली, कपाटं भरलेली आणि त्यावर २७० किलो.

हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. रस्त्यातल्या उंचवट्यावर हाच भार वरखाली उसळतो आणि क्षणभर कितीतरी पट होतो. तो सगळा सोसायचा असतो घराच्या ट्रेलरच्या चेसिसच्या शेपटाने. ते शेपूट पुष्कळदा वजन ओढण्यासाठी बनवलेलंच नसतं. तिथे सायकलींचा स्टँड लावता येईल एवढीच त्याची तयारी असते. काही कंपन्या मागे हिच लावायला परवानगी देतात आणि त्याचा आकडाही देतात. बऱ्याच कंपन्या स्पष्ट सांगतात की मागे हिच वेल्ड केली तर चेसिसची हमी संपली. म्हणून दोन ट्रेलर जोडायचा विचार मनात आला की ट्रकचं पुस्तक बाजूला ठेवावं आणि आधी घराच्या ट्रेलरचं पुस्तक उघडावं. निम्मे बेत तिथेच थांबतात, आणि थांबलेले बरे.

ब्रेक

साखळी सरळ ठेवण्यासाठी ब्रेक मागून लागायला हवेत. शेवटचा ट्रेलर किंचित आधी अडला तर सगळी रांग ताणलेली राहते. उलट ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि मागचे दोघे मोकळेच राहिले, तर ते पुढे ढकलत येतात, सांधे दुमडतात आणि चाकूच्या पात्यासारखी घडी होते. जॅकनाइफ म्हणतात ते हेच.

अमेरिकेत राहण्याच्या ट्रेलरांना बहुतेक वेळा इलेक्ट्रिक ब्रेक असतात. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक चुंबक असतं, ट्रकमधल्या कंट्रोलरकडून वीज आली की ते ड्रमला चिकटतं आणि ब्रेक लागतो. नेहमीच्या आकाराचं एक चुंबक साधारण ३ अँपिअर वीज खातं. दोन ॲक्सलच्या घराला चार चुंबकं, दोन ॲक्सलच्या दुसऱ्या ट्रेलरला आणखी चार. आठ चुंबकांचे झाले २४ अँपिअर. काही कंट्रोलर आठ चुंबकांपर्यंत चालतात, काही चारपर्यंतच. कंट्रोलरच्या पाठीवर ते लिहिलेलं असतं.

पण वीज निघाली म्हणजे पोचली असं नाही. ट्रकपासून शेवटच्या ट्रेलरच्या चाकांपर्यंत १५ मीटर वायर धरली, तर जाऊन-येऊन ३० मीटर. नेहमीची ३.३ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर असेल तर तिचा रोध साधारण ०.१५ ओहम भरतो. त्यातून चार चुंबकांची वीज गेली की १२ व्होल्टपैकी दीड-पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात. मधल्या जोडण्यांवर गंज असेल तर आणखी. म्हणजे ज्या ट्रेलरचे ब्रेक सगळ्यात जोरात लागायला हवेत, त्याचेच सगळ्यात मऊ लागतात. उपाय एकच, मागच्या ब्रेकसाठी जाड वायर, तीही घराच्या ट्रेलरच्या पोटाखालून स्वतंत्र नेलेली, आणि जोडण्या स्वच्छ.

बोटीच्या ट्रेलरचं मात्र वेगळं असतं. तो पाण्यात बुडवायचा असतो, म्हणून त्याला बहुधा सर्ज ब्रेक असतात. पुढचं वाहन मंदावलं की बोटीचा ट्रेलर त्याच्यावर रेलतो, तोंडाशी असलेला दट्ट्या आत दाबला जातो आणि त्याच दाबाने त्याचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात. वायर नको, कंट्रोलर नको. दोन ट्रेलरांच्या जोडीत ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, कारण शेवटचा ट्रेलर स्वतःचं स्वतः बघतो. तिचा तोटाही तितकाच खरा. ट्रेलर डोलायला लागला की चालक कंट्रोलरची छोटी दांडी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो आणि रांग ताणून घेतो. सर्ज ब्रेक त्या दांडीचं ऐकत नाहीत. घराचे ब्रेक लागले आणि बोट त्याच्यावर रेलली, तरच ते जागे होतात.

डोलणं सुरू झालंच तर करायचं एवढंच: स्टिअरिंग सरळ धरायचं, वेगाचा पाय हळू उचलायचा, दांडी दाबायची. पायाने ब्रेक मारायचा नाही, आणि उलट स्टिअरिंग देऊन सावरायलाही जायचं नाही.

हिच तुटली तर? ट्रेलर सुटला की एक तार ओढली जाते, तिच्या टोकाची खीळ निघते आणि ट्रेलरवरची बॅटरी ब्रेक पूर्ण दाबते. सर्ज ब्रेकवाल्या ट्रेलरमध्ये तीच तार दट्ट्या ओढून ब्रेक अडकवते. दुसऱ्या ट्रेलरची ही तार पहिल्या ट्रेलरच्या चेसिसला बांधायची, हिचला नाही. हिचच निखळली तर हिचला बांधलेली तार तिच्याबरोबर जाईल आणि खीळ जागच्या जागी राहील. सुरक्षेच्या साखळ्या दोन, त्या तोंडाखालून एकमेकींना ओलांडून बांधायच्या, म्हणजे सुटलेलं तोंड रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडतं.

वळताना सोपं, मागे घेताना अशक्य

इथे एक नवल आहे. सावकाश वळणावर ट्रेलरची चाकं ट्रकच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. किती कापतात याचं गणित ट्रेलरच्या लांबीच्या वर्गावर चालतं. किंगपिनपासून चाकांपर्यंत १२ मीटर असलेला एकच ट्रेलर १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहिला, तर त्याची चाकं शेवटी ६ मीटर आत जातात. तेच सहा-सहा मीटरचे दोन ट्रेलर असले तर मागचा फक्त २.६ मीटर आत जातो. वर्गांची बेरीज केली की १२चा वर्ग १४४ येतो, आणि सहाचे दोन वर्ग मिळून ७२च. शहराच्या कोपऱ्यावर दोन आखूड ट्रेलर एका लांब ट्रेलरपेक्षा सहज वळतात. तो जादाचा सांधा सावकाश चालताना मदत करतो आणि वेगात घात करतो.

मागे घेणं ही मात्र वेगळीच कथा. एक ट्रेलर रिव्हर्समध्ये घेताना स्टिअरिंग उलटं फिरवून तो सरळ ठेवता येतो, सवयीने जमतं. दोन असले की चालकाने पहिला ट्रेलर अशा कोनात धरायचा की त्याच्या शेपटाने दुसरा ट्रेलर हवा तिकडे ढकलला जावा. दोन्ही सांधे रिव्हर्समध्ये आपणहून दुमडायला बघत असतात, आणि दुसरा तर चालकाला आरशात बहुधा दिसतही नाही. शेतातल्या जोडगाड्या सफाईने मागे घेणारी माणसं आहेत. पण रस्त्यावर दोन ट्रेलर मागे घेता येणार नाहीत असंच समजून निघावं.

याचा परिणाम प्रवासाच्या आखणीवर होतो. डिझेल भरायचं तर मालट्रकांच्या लांब मार्गिकेत. मुक्कामाची जागा अशी की एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल. जेवायला थांबायचं तर बाहेर पडायची वाट आधी बघून. आणि कुठे अडकलंच, तर बोट सोडायची, घर काढायचं आणि मग पुन्हा जोडायचं. अर्धा-पाऊण तास जातो, पण पर्याय नाही.

चालकाला कळत नाही

एकट्या ट्रेलरचं टायर फुटलं तर धक्का ट्रकमध्ये जाणवतो. दोन असले तर मध्ये साडेपाच टनांचं घर उभं असतं. बोटीच्या ट्रेलरचं टायर फुटून, रबर उडून, रिम रस्त्यावर घासत असली तरी चालकाला पत्ता लागत नाही. कधीकधी शेजारून जाणारा हॉर्न वाजवून दाखवतो तेव्हा कळतं. म्हणून घराच्या मागच्या भिंतीवर बोटीकडे बघणारा कॅमेरा आणि शेवटच्या टायरांपर्यंत हवेचा दाब मोजणारे सेन्सर मी चैनीत धरत नाही. एवढ्या अंतरावरून त्या सेन्सरांचा सिग्नल ट्रकपर्यंत नीट येत नाही, मध्ये सिग्नल वाढवणारा डबा लावावा लागतो. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर असते, आणि महामार्गाची मर्यादा ७५ मैल असली म्हणून टायरची वाढत नाही.

कायदा राज्याराज्यात बदलतो

अमेरिकेत याबाबत देशभर एक नियम नाही. साधारण निम्म्या राज्यांत दोन ट्रेलर चालतात. ती बहुतांशी पश्चिमेकडची आणि मधली, तर पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक राज्यांत चालत नाहीत. मालट्रकांच्या बाबतीतही हीच फाळणी होती. पश्चिमेत अंतरं लांब, रस्ते मोकळे, म्हणून दुहेरी ट्रेलर तिथे आधी रुळले. पूर्वेकडच्या राज्यांना १९८२च्या केंद्रीय कायद्याने ठरलेल्या महामार्गांवर अठ्ठावीस फुटी जोड्या मान्य कराव्या लागल्या. पण तो कायदा मालवाहतुकीचा, घर आणि बोट नेणाऱ्याला तो लागू नाही.

जिथे परवानगी आहे तिथेही अटी वेगवेगळ्या. मिशिगनमध्ये परवान्यावर ‘आर’ अशी खास नोंद लागते, तिच्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि वय किमान १८ लागतं. मिनेसोटात वेगळी नोंद नाही, पण वय तेच, दोन्ही ट्रेलरांचं मिळून वजन ट्रकच्या ओढक्षमतेत बसलं पाहिजे आणि मिनिॲपोलिस-सेंट पॉल भोवतीच्या सात काउंट्यांमध्ये कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७ या वेळेत अशी जोडी चालवता येत नाही. मला हा नियम फार समंजस वाटतो. गर्दीत सगळे अचानक थांबतात आणि अचानक घुसतात, म्हणजे नेमकं तेच घडतं जे या साखळीला सोसत नाही.

एकूण लांबीची मर्यादा बऱ्याच राज्यांत ६५ ते ७५ फुटांच्या दरम्यान असते, आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. चार दारांचा, लांब हौद्याचा पिकअप २२ फूट, घर ३२ फूट, त्यातले हौद्यावर चढलेले ६ वजा, आणि बोटीचा ट्रेलर २२. झाले ७० फूट. राज्याची सीमा ओलांडली की त्या क्षणापासून तिथला नियम लागू होतो. आपल्या राज्यात चालतं हे सांगून उपयोग नाही. म्हणून वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम निघण्याआधी त्या राज्याच्या परिवहन खात्याकडून तपासावा. ब्रिटनमध्ये तर मोटारीमागे एकाहून जास्त ट्रेलर चालतच नाही.

निघण्याआधी आणि पहिल्या थांब्यावर

सगळा बेत कागदावर जमत असेल तर ट्रकथांब्यावरच्या वजनकाट्यावर जाणं हे पुढचं काम. तिथे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर वेगवेगळ्या फळ्यांवर उभे राहतात. आधी बोट जोडून वजन करायचं, मग बोट सोडून फक्त घर. दोन पावत्यांतल्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या आकड्यांत जो फरक येईल, तोच बोटीने ट्रकवरून उचललेला भार. घराच्या ट्रेलरचं ॲक्सलवरचं वजन त्याच्या पाटीवरच्या मर्यादेत आहे का, हेही बोट जोडलेल्या पावतीवरूनच बघायचं. त्यासाठी बोटीची चाकं काट्याच्या बाहेर राहतील असं थांबावं लागतं, नाहीतर दोन्हींची बेरीज छापून येते.

काही जणांचा बेत इथे मोडतो. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मागे गॅरेज असलेला राहण्याचा ट्रेलर मिळतो, त्यात मोटारसायकली आतच मावतात. पिकअपच्या हौद्यावर बसणारी राहण्याची खोली मिळते, तिच्या मागे बोट एकटीच जोडता येते आणि सांधा एकच राहतो. घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस असेल तर दोन गाड्या हा सगळ्यात निर्धोक मार्ग, डिझेलचा खर्च धरूनही.

जे निघतील त्यांनी पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर थांबावं आणि हातात धरायचा तापमापक घेऊन दोन्ही ट्रेलरांच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावर रोखावा. सगळे आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. आणि बोटीच्या ट्रेलरचं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा थंडगार लागलं, तर त्याचा ब्रेक लागतच नाहीये. तो दुरुस्त होईपर्यंत बोट तिथेच सोडावी.